फसलेले नमुने भंगारात टाकू नका

सप्रेम नमस्कार.

मी, माझे यजमान आणि धाकटे दीर अशी आम्हा तिघांची छोटी कंपनी आहे. मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. ‘बनवतो’ म्हणते खरी, पण मुख्य बोर्ड परदेशातून तयार येतो आणि त्याच्या आतला प्रोग्रॅमही त्यांचाच असतो. पेटी, वायरिंग, चाचणी आणि विक्रीनंतरची दुरुस्ती एवढंच आमचं. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. बोर्ड आणि प्रोग्रॅम दोन्ही आपलेच असावेत असा गेली दोन वर्षं माझा हट्ट आहे.

तंत्रज्ञानात देश स्वावलंबी व्हावा म्हणून सरकारने संशोधनाच्या खर्चावर घसघशीत करसवलत जाहीर केली आहे. मुदत तीन वर्षांची. भावजी एक सल्लागार घेऊन आले. दुरुस्तीवाल्या मुलांचे पगार, ऑफिसचं भाडं, प्रदर्शनातल्या स्टॉलचा खर्च, सगळं ‘संशोधना’त बसवून देतो, असं तो म्हणतो. वाचलेल्या करातले वीस टक्के त्याचे. भावजी म्हणतात, “वहिनी, सगळेच करतात. आणि हे देशासाठीच आहे ना?” यजमान मध्ये पडत नाहीत. मला हे पटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय ते सांगता येत नाही. शिवाय यंदा आम्हाला थोडा तोटाच आहे. सवलत घ्यावी का? तिच्या भरवशावर स्वतःचा बोर्ड करायला घ्यावा का? आणि अशा सवलतींनी देश खरंच स्वावलंबी होतो का?

– एक वहिनी

*

वहिनी,

तुम्ही सही तशी केलीत म्हणून मीही तसंच म्हणतो. पत्रातलं गाव, देश आणि कंपनीचं नाव तुमच्या विनंतीप्रमाणे काढून टाकलं आहे. त्यामुळे फारसं अडत नाही. या सवलतींचे कायदे देशोदेशी वेगळे असले तरी त्यांची हाडं सारखीच असतात.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापासून सुरुवात करतो: “यंदा आम्हाला थोडा तोटाच आहे.” घरातला अर्धा वाद या वाक्यातच मिटायला हवा होता. संशोधनाच्या खर्चावरची सवलत बहुतेक ठिकाणी वजावटीच्या रूपात येते, म्हणजे तो खर्च नफ्यातून वजा करून उरलेल्यावर कर बसतो. समजा कराचा दर २५ टक्के आहे. १०० खर्च केले की साध्या वजावटीत २५ कर वाचतो. सरकारने उदार होऊन दुप्पट वजावट दिली तर ५० वाचतो. हा सगळा हिशेब नफा आहे असं धरून चालतो. नफाच नसेल तर करही नाही, आणि नसलेला कर वाचणार कुठून? फार तर तोटा पुढच्या वर्षांत नेता येईल आणि कधीतरी नफा झाला की त्याचा उपयोग होईल. मग सल्लागार वीस टक्के कशाचे मागतोय, हे भावजींनी त्याला एकदा विचारावं.

काही देशांत मात्र कर लागत नसेल तर सवलतीची रक्कम रोख हातात देतात. नॉर्वेने २००२ मध्ये ‘स्कॅटेफुन’ नावाची योजना याच धर्तीवर सुरू केली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही छोट्या कंपन्यांना असा परतावा मिळतो. नव्या कल्पना बऱ्याचदा तोट्यातल्या छोट्या कंपन्यांकडेच असतात, आणि नुसती वजावट ठेवली की फायदा जुन्या, नफेवाल्या मोठ्यांकडे जातो, हे त्यांनी ओळखलं. तुमच्याकडची योजना अशी असेल तर सल्लागाराच्या उत्साहाचं कारण कळलं. पण मग धोकाही वाढला. चुकीच्या दाव्यावर कर कमी भरणं आणि चुकीच्या दाव्यावर तिजोरीतून रोख रक्कम उचलणं, या दोन गोष्टी तपासणाऱ्याच्या डोळ्यांना सारख्या दिसत नाहीत.

आता दुरुस्तीवाली मुलं, भाडं आणि स्टॉल. नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणता. ते सांगायचं काम १९६३ मध्येच होऊन गेलं आहे. इटलीतल्या फ्रास्काती गावी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने तज्ज्ञांची बैठक भरवली आणि संशोधन कशाला म्हणायचं आणि ते मोजायचं कसं यावर एक पुस्तिका केली. आज बऱ्याच देशांच्या करकायद्यातली व्याख्या तिच्या वळणावर जाते. २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत. काम नवं हवं, त्यात स्वतःची कल्पना हवी, निकाल अनिश्चित हवा, काम पद्धतशीर हवं, आणि जे हाती लागेल ते दुसऱ्याला पुन्हा करून बघता यावं. मला विचाराल तर तिसरी कसोटी पुरे. सकाळी काम सुरू करताना संध्याकाळी काय निघणार हे पक्कं ठाऊक असेल तर ते संशोधन नाही. जळालेला भाग काढून नवा बसवला की कंट्रोलर चालणार, हे तुमच्या मुलांना ठाऊक असतं. स्टॉल लावल्यावर काय होईल हे कोणालाच ठाऊक नसतं, पण ती अनिश्चितता तंत्रज्ञानाची नव्हे.

“सगळेच करतात” हे भावजींचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. सगळे नाही, पण बरेच जण करतात आणि ते मोजलंही गेलं आहे. विक्रीच्या तुलनेत संशोधनाचा खर्च ठरावीक टक्क्यांच्या वर गेला की चीनमध्ये कंपनीला ‘उच्च तंत्रज्ञान’ दर्जा मिळतो आणि २५ ऐवजी १५ टक्के दराने कर बसतो. अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कंपन्यांची करविवरणं तपासली तेव्हा कित्येक कंपन्या नेमक्या त्या रेषेला लागून, जेमतेम वर उभ्या असलेल्या दिसल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अंदाज असा की दाखवलेल्या संशोधनापैकी सुमारे २४ टक्के रक्कम ही कार्यालयीन खर्चाला दिलेलं नवं नाव होती. तुमचा सल्लागार जे करू म्हणतो, तेच.

ब्रिटनमध्ये असे सल्लागार टक्केवारीवर दारोदार फिरू लागले. तिथल्या करखात्याने २०२०-२१ साठी हिशेब मांडला तेव्हा दिलेल्या सवलतीतला सुमारे सहावा हिस्सा चुकीच्या किंवा खोट्या दाव्यांवर गेल्याचा अंदाज निघाला. त्यात छोट्या कंपन्यांच्या योजनेतलं प्रमाण आणखी वाईट होतं. मग काय झालं? ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक दाव्यासोबत वेगळा, तपशीलवार अर्ज सक्तीचा झाला. तपासण्या वाढल्या आणि खरं काम करणाऱ्या छोट्या कंपन्याही त्या जाळ्यात अडकून खेटे घालू लागल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. भावजींच्या ‘देशासाठीच’ला माझं उत्तर एवढंच आहे.

वीस टक्केवाल्याला अजून एक प्रश्न विचारा: दोन वर्षांनी नोटीस आली तर उत्तर कोण देणार? बहुधा तो तोवर फोन उचलणार नाही. विवरणपत्रावर सही तुमच्या घरातल्यांची असते. ठरावीक फी घेणारा, दावा करण्याआधी तुमच्या टेबलाशी येऊन ‘यात न सुटलेला प्रश्न कोणता होता?’ असं विचारणारा करसल्लागार शोधा. तो या वीस टक्केवाल्यापेक्षा कमी गोड बोलेल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चटका बसला म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीचे हिशेब माझ्याकडे होते. तिथल्या इंजिनिअरांनी खरोखर दोन वर्षं डोकं फोडून एक झडप बनवली होती. दाव्याचे कागद मी केले, आणि केले ते अगदी चकचकीत: पगारपत्रकं, बिलं, शेवटच्या यशस्वी नमुन्याचे फोटो. तपासणीला आलेल्या बाईंनी सगळं चाळलं आणि विचारलं, “फसलेले नमुने कुठे आहेत?” मी इंजिनिअरांकडे बघितलं, इंजिनिअर स्टोअरकीपरकडे. सगळे नमुने भंगारात गेले होते. वही नव्हती, तारखा नव्हत्या. यशस्वी झडप तर विकतही आणता येते, असं त्या शांतपणे म्हणाल्या. दाव्याचा मोठा भाग गेला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

तुमचा दुसरा प्रश्न: सवलतीच्या भरवशावर बोर्ड करायला घ्यावा का? नाही. दुप्पट वजावटीतसुद्धा, वर पाहिलंत तसं, शंभरातले पन्नास तुमचेच जातात. तेही नफा असला तर. शिवाय ज्याच्या भरवशावर उभं राहायचं, ते स्वतः किती वर्षं उभं राहतं तेही बघायला हवं. अमेरिकेने १९८१ मध्ये संशोधनावर करातून थेट सूट सुरू केली ती ‘तात्पुरती’ म्हणून. पुढची चौतीस वर्षं ती मुदतवाढीवर जगली, मध्ये काही काळ बंदही पडली, आणि २०१५ च्या डिसेंबरात कायम झाली. त्याच देशात १९५४ पासून संशोधनाचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा करता येत असे. २०१७ च्या कायद्याने ठरवलं की २०२२ पासून तो देशातल्या कामासाठी पाच वर्षांत आणि परदेशात केलेल्या कामासाठी पंधरा वर्षांत विभागायचा. पदरात नफा नसलेल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना कागदावर नफा दिसून कराची बिलं आली. २०२५ मध्ये देशातल्या कामापुरता जुना नियम परत आला. भारतात कंपनीच्या स्वतःच्या संशोधन केंद्रावरच्या खर्चाला २०० टक्के वजावट होती. ती एप्रिल २०१७ पासून १५० आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. ज्यांनी पाच वर्षांचं गणित २०० धरून मांडलं होतं, त्यांनी ते पुन्हा मांडलं.

तुमच्या योजनेला तीन वर्षं आहेत. कंट्रोलरचा बोर्ड आणि प्रोग्रॅम शून्यातून उभा करून, तापवून, भिजवून, गिऱ्हाइकाकडे चालवून बघायला तेवढी सहज लागतील. म्हणून आधी सवलत शून्य धरून हिशेब करा. त्यात काम परवडत असेल तर करा, आणि मिळेल ती सवलत वरकड समजा.

तुम्ही विचारलेली नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगतो. तुम्हाला जे करायचं आहे, त्यातल्या बऱ्याच भागाला ही सवलत कदाचित मिळणारच नाही. मोटर चालवण्याच्या मूळ पद्धती छापील आहेत, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहेत. त्या तुम्ही तुमच्या बोर्डावर उतरवल्या तर करखातं म्हणेल की यात नवं काय? काही देशांच्या नियमांत स्पष्टच आहे की अडचण तुम्हाला एकट्याला ठाऊक नसणं पुरत नाही, त्या विषयातल्या जाणकारालाही उत्तर सहज सापडता कामा नये. आणि स्वावलंबन म्हणजे तर बहुतेक वेळा दुसऱ्याला आधीपासून येतं ते आपल्याला येणं. ते शिकण्याला करकायद्याकडे रकानाच नाही. घोषणा स्वावलंबनाची असते आणि अर्जातला प्रश्न नावीन्याचा असतो. तुमची घालमेल खरं म्हणजे या फटीतून आलेली आहे.

तैवानचं उदाहरण इथे नेहमी देतात, आणि अर्धवट देतात. सिंचू इथला विज्ञान पार्क १९८० मध्ये उघडला, तिथल्या कंपन्यांना काही वर्षं करमाफी मिळाली, आणि मग चिपचा उद्योग उभा राहिला, असं सांगतात. पण त्याआधी १९७३ मध्ये तिथे सरकारी औद्योगिक संशोधन संस्था निघाली होती. १९७६ मध्ये तिने अमेरिकेतल्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्रज्ञान विकत घेतलं, आणि ते त्या काळीही जुनंच समजलं जात होतं. तरुण इंजिनिअरांची तुकडी अमेरिकेत जाऊन ते हाताने शिकून आली. नावीन्याच्या कसोटीवर त्या शिकण्याला भोपळाच मिळाला असता. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांच्या पुढाकाराने टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली तेव्हा जवळपास निम्मं भांडवल सरकारने घातलं, आणि ती चालवायला माणसं तयार होती. करमाफीने ओझं हलकं केलं एवढंच.

उलटं उदाहरण पोर्तो रिकोचं, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचं. १९७६ पासून अमेरिकन कंपन्यांना तिथल्या नफ्यावर जवळजवळ संपूर्ण केंद्रीय करमाफी होती. औषधांचे मोठमोठे कारखाने बेटावर आले, हजारो नोकऱ्या आल्या. औषध शोधणारी डोकी मात्र बहुतांश मुख्य भूमीवरच राहिली. बेटावर गोळ्या बनत आणि नफा जमा होई. १९९६ च्या कायद्याने ही सवलत दहा वर्षांत गुंडाळायची ठरली, २००५ अखेर ती संपली. कारखाने आटत गेले आणि २००६ पासून बेट लांबलचक मंदीत शिरलं. मंदीची कारणं आणखीही होती, पण सवलत संपल्यावर काय उरलं याचं उत्तर फारसं चांगलं नव्हतं.

आयर्लंडचं तर आणखी गमतीचं. २०१५ मध्ये त्या देशाचं उत्पन्न एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं आकड्यांत दिसलं. कारखाने २६ टक्क्यांनी वाढले नव्हते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक संपत्ती कमी कराच्या त्या देशात कागदोपत्री हलवली होती. त्याच वर्षी आर्थिक सहकार्य संघटनेच्या पुढाकाराने देशांनी एक नियम मान्य केला: पेटंटच्या उत्पन्नावर कमी कर हवा असेल तर ते संशोधन स्वतः केलेलं असलं पाहिजे. इतका उघड नियम लिहायला २०१५ उजाडावं लागलं, याचं मला अजून हसू येतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘क्वचित, आणि एकट्याने कधीच नाही’ असं आहे. जिथे काम शिकलेली माणसं आहेत तिथे सवलत त्यांना जास्त प्रयोग करायला लावते. चीनच्या त्याच अभ्यासात नाव बदललेला खर्च वगळूनही खरं संशोधन वाढलेलं दिसलं, हे भावजींच्या बाजूने नोंदवतो. माणसंच नसतील तर सवलतीने फक्त हिशेबनिसांची भरभराट होते. मी स्वतः त्यातलाच, त्यामुळे तक्रार करत नाही.

आता तुमच्या कंट्रोलरकडे येऊ. चिप तुम्ही विकतच घेणार, आणि त्यात लाजायचं काही नाही. चिप स्वतः बनवणारे देश मोजकेच आहेत आणि त्यांनाही यंत्रं दुसऱ्यांकडून आणावी लागतात. पण प्रोग्रॅम तुमचा असेल तर एक चिप मिळेनाशी झाल्यावर दुसरी बसवता येते. २०२१ च्या चिपटंचाईत टेस्लाने नेमकं हेच केलं. मिळतील त्या पर्यायी चिप घेतल्या आणि त्यांच्यासाठी आतला प्रोग्रॅम काही आठवड्यांत नव्याने लिहिला. ज्यांच्याकडे तयार बोर्ड येत होता ते रांगेत थांबले. तुमचा हट्ट मला याच कारणासाठी योग्य वाटतो, सवलत मिळो न मिळो.

आणि सगळ्याच भागाला सवलत नाकारली जाईल असंही नाही. काम दोन ढिगांत वाटा. ज्ञात पद्धत आपल्या बोर्डावर बसवणं हा एक ढीग. त्याचा खर्च नेहमीचा व्यवसाय-खर्च म्हणून दाखवा, निमूटपणे. दुसऱ्या ढिगात असे प्रश्न ठेवा की ज्यांचं उत्तर तुम्हाला पुस्तकात सापडलं नाही. उदाहरणार्थ, वेगळा सेन्सर न लावता अगदी कमी वेगात मोटर सांभाळणं. फिरत्या मोटरमधून उलट येणारं व्होल्टेज तेव्हा इतकं क्षीण असतं की रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, कुठे आहे याचा अंदाजच चुकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तुमच्या गिऱ्हाइकांच्या मोटरींवर हा प्रश्न खरोखर अडत असेल आणि त्यावर तुम्ही तीन-चार उपाय करून बघत असाल, तर ते सरळ संशोधन आहे. त्याचा दावा मान वर करून करा.

आणि हो, दुरुस्तीवाल्या मुलांचा पगार दाव्यात बसत नसला तरी त्यांना विसरू नका. कोणता भाग कोणत्या ऋतूत जळतो, कोणत्या गिऱ्हाइकाकडे दर सहा महिन्यांनी तीच तक्रार येते, हे त्यांच्या डोक्यात आहे. तुमचे प्रश्न तिथूनच निघतील. त्यांच्यातला एखादा आठवड्यातले दोन दिवस तुमच्या प्रयोगांवर बसला तर तेवढ्या दोन दिवसांचा पगार दाव्यात येऊ शकतो, पण ते तास त्याच दिवशी लिहून ठेवलेले हवेत. वर्षअखेरीस आठवून भरलेले तास तपासणारे लांबून ओळखतात. सगळ्या खान्यांत गोल आकडे असतात.

भावजींशी भांडू नका. त्यांना हिशेबाची हौस दिसते, तर ही वही त्यांच्याकडेच द्या. तारीख, प्रश्न, काय करून बघितलं, काय झालं, कोण किती तास बसलं. पहिला बोर्ड जळेलच. त्याला तारखेची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायला सांगा, आणि कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे देऊ नका.